रिकाम्या खोलीतला दिवा

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही मजेत आहोत. ह्यांची सर्दी गेली, माझ्या तब्येतीचं पुढे लिहिते. तुझी खुशाली मात्र धाकट्याकडून कळली. म्हणे तू वृद्धाश्रमात खोली बघून आलास! वर त्याला सांगितलंस, "तुमचं सगळं मार्गी लागलं. आता माझं कुणाकडे काही काम नाही." वा रे वा! आईबाबांच्या माघारी आम्हा दोघांना वाढवलंस, आणि आता परस्पर निघालास?

फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणून कटवतोस. म्हणून पत्र. निमूट वाच.

आधी माझ्या कामाचं ऐक. तू जन्मभर वायरिंग केलंस, तुला चटकन कळेल. पाण्याच्या मीटरमध्ये बसणाऱ्या चिपसाठी मी क्लॉक ड्रायव्हर, म्हणजे क्लॉक सांभाळणारा प्रोग्राम, लिहिते. चिपच्या प्रत्येक भागाला ठोका देणारं एक क्लॉक असतं. ठोका थांबला की तो भाग थांबला. कुठलं कधी चालू, कधी बंद, हे माझा प्रोग्राम बघतो. आणि कर्नल, म्हणजे आतला मुख्य कारभारी, त्याची सवय थेट तुझी! मशीन सुरू झालं की घरभर फिरायचं आणि ज्या क्लॉकवर कुणी हक्क सांगितला नाही, ते बंद करायचं. "खोलीत कुणी नाही, मग दिवा कशाला?"

आमचं मीटर सुरू व्हायचं आणि लगेच ठप्प! साहेब म्हणाले, "सगळीच क्लॉक चालू ठेव आणि दे पाठवून." म्हटलं, "आणि मीटरची बॅटरी भराभर संपली की ती काय तुम्ही घरोघर बदलत फिरणार?" मी हटून बसले आणि कारण शोधलंच. मेमरीचं क्लॉक! तिच्यावाचून काहीच चालत नाही. पण ते पहिल्यापासून चालूच असायचं, म्हणून चिपच्या कुठल्याच भागाच्या ड्रायव्हरने ते कधी मागितलंच नव्हतं. कुणी मागत नाही म्हणजे बिनकामाचं, असं समजून कर्नलने बंद केलं.

मी त्याला 'कधीही बंद करू नये' अशी खूण लावली. पण आमच्यात नुसती खूण चालत नाही. तपासणाऱ्या बाईंनी कोड परत पाठवला, "कारण लिहा." लिहिलं. मंजूर. मीटर आता झकास चालतंय.

तर दादा, तीच खूण मी तुला लावते आहे. कारणही लिहिते.

पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात साधीच आहे, आणि ऑफिसात मीही सगळ्यांना हसत हसत तसंच सांगते. मी ठणठणीत होणार, त्यात शंका नाही. पण भीती वाटते रे. ह्यांना सांगायची सोय नाही, त्यांना धीर देता देता माझीच दमछाक व्हायची. लहानपणी मला ताप आला की तू दारात नुसता उभा राहायचास, आणि मला झोप लागायची. तसाच उभा राहा. एवढंच काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही.

वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळव. मागची खोली तुझ्यासाठी आवरली आहे. तिथला दिवा सकाळपासून मुद्दाम चालू ठेवलाय. हे दोनदा बंद करायला गेले, मी करू दिला नाही.

तो तूच येऊन बंद कर.

तुझीच हट्टी,
चिमी