पुस्तिकेतून खोडलेलं नाव

नागपूर, ७ नोव्हेंबर २०२५

चि. मंजिरीस कौमुदीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पुस्तिका पोचली. फोन केला असता तर भांडलीच असती, म्हणून लिहून राहिली.

आपल्या नर्सरीले तीस वर्षं झाली, आनंद आहे. तेलीबांध्याची जागा, नवा रायपुरातले तुझे बगीचे, सगळे फोटो झकास आले. मी दोनदा पाहिले अन् दोन्हीदा एकाच ओळीवर अडली. नर्सरी ‘बाबा आणि मंजिरी यांनी उभी केली’ असं छापलंस! बाबांनी रेल्वे क्वार्टरच्या अंगणात गुलाब लावले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, शेणखताच्या वासानं नाक दाबून पळायचीस. कलमं मी बांधली. पुरानी बस्तीत सायकलवर कुंड्या मी पोचवल्या. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांना म्हटलं, मले इथंच हे काम करू द्या. ते म्हणाले, पोरींनी नर्सऱ्या चालवायच्या नसतात. आठ वर्षांनी तुले मात्र चाव्या दिल्या. काहून?

तुझ्या निरंजनरावांना नमस्कार. आशीर्वाद आहेच, कौतुक मागू नको.

तुझी ताई

रायपूर, १५ नोव्हेंबर २०२५

ती. कौमुदीताईस मंजिरीचा शि. सा. नमस्कार.

तुझं नाव विसरली नाही, ताई. पहिल्या मजकुरात पहिलीच ओळ तुझी होती. छापायच्या आदल्या दिवशी मी ती माझ्या हातानं खोडली.

चाव्या मले निवडून दिल्या नाहीत. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, दुसरं कोणी नव्हतं. पण मी कलम बांधलं की ते वाकून पाहायचे अन् म्हणायचे, कौमुदीचं एकही मरत नव्हतं. आपला भैय्यालाल माळीसुद्धा आजही नव्या माणसांना सांगतो, “बड़ी दीदी जैसा बांधो.” नवा रायपुरातला पहिला मोठा बगीचा पुरा झाला तेव्हा बाबांना गाडीतून दाखवायले नेलं. सगळा फिरले अन् एवढंच म्हणाले, कौमुदीले दाखवायले पाहिजे होतं. त्या दिवशी मी जेवली नाही. ते गेल्यावर तरी एका कागदावर बाबांच्या शेजारी मी एकटी असावी, असं वाटलं.

पुस्तिका पुन्हा छापते. रागव, पण बोलणं टाकू नको.

तुझी मंजिरी

नागपूर, २३ नोव्हेंबर २०२५

चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद.

नाव खोडलं त्याचा राग आलाच. पण बाबा तसं म्हणायचे हे इतक्या वर्षांत एकदाही कळवलं नाहीस, तो राग जास्त आहे. मले ते कधीच म्हणाले नाहीत. तुझ्याजवळ म्हणाले, अन् तू दाबून ठेवलं.

तरी बाबांच्या बोलण्याची ती ओळ मी पाच वेळा वाचली.

छापायची घाई नको. आमची पोरगी सोनिया नोकरीसाठी पुण्याले गेल्यापासून घर खायले उठते. मी अठ्ठेचाळीसची झाली, हात अजून शाबूत आहेत. एक तारखेले मी येऊन राहिली. पाहुणी म्हणून नाही. गुलाबांचं काम सगळं माझ्याकडे दे अन् त्यात ढवळाढवळ करू नको.

नाही म्हणालीस तर तुझ्या फाटकासमोरच दुसरी नर्सरी टाकीन.

माया असेल तर स्टेशनवर गाडी पाठव.

तुझ्यावर जळणारी,
तुझीच ताई