अपलोडचे तीन तास

प्रिय शिवांजली,

कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच तुला कागदावर लिहितेय. अक्षराचं पार वाटोळं झालंय, सांभाळून घे. तू तीन आठवड्यांपूर्वी विचारलंस, तुझ्या स्टुडिओतलं खिडकीजवळचं टेबल एक तारखेपासून माझं करायचं का, पाटीवर दोघींची नावं घालायची का. मी अजून हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू रागावली असशील. रागाव, पण आधी इथली बातमी ऐक.

आमच्या दुकानात फायबर आलं. डार्करूमचा जुना लाल दिवा अब्बांनी अजून खिळ्याला टांगून ठेवलाय ना, त्याच्या शेजारी आता एक पांढरा डबा आहे आणि त्यावर हिरवे ठिपके लुकलुकतात. नाथाजी गलाईवाल्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न, चाळीस जीबी, परवा तासाभरात गेलं. तुझ्याकडे तीन तास लागायचे. म्हणजे या बाबतीत आमच्या माळानं तुझ्या सांगलीतल्या विश्रामबागेला मागं टाकलं. बाकावर बसलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पूर्वीचे हाल तुला माहीतच आहेत. इथली निम्मी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी सेलमला, नाहीतर कोइमतूरला. लग्नापुरती गावी येतात, पाचव्या दिवशी परत निघतात आणि गाडीत बसल्यापासून फोटो मागतात. एक लग्न इथून नेटवर चढवायचं म्हणजे चार दिवस, आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं की हमखास लाइट जायची. मग मी लॅपटॉप घेऊन बिरोबाच्या टेकडीवर. तिथं रेंज मिळायची, पण ऊन असं की पडद्यावर नवरा कोण आणि नवरी कोण ते कळायचं नाही. मेंढरं घेऊन बसलेले गुंडाआबा विचारायचे, "पोचली का गं वरात सेलमला?" शेवटी हार्डडिस्क पिशवीत घालून दर बुधवारी आटपाडी-सांगली गाडी धरायची आणि तुझ्या स्टुडिओतून फाइली चढवायच्या, असा शिरस्ता पडला. अब्बांनी कधी अडवलं नाही. त्यांच्या तरुणपणी रिळंसुद्धा बुधवारच्या गाडीनंच सांगलीला धुवायला जायची, कंडक्टरच्या हाती. कुणी माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "तवा नुसतं रीळ जायचं, आता पोरगी संगं जाती, एवढाच फरक."

तुझ्याकडे अपलोड चालू असायचा, त्या तीन तासांबद्दल मी तुझ्याशीही कधी नीट बोलले नाही. तुला वाटायचं, मी बाजार करायला जाते. मी तुझा जुना कॅमेरा घेऊन हळदीच्या गोदामांकडे जायचे. तिथं हळद निवडणाऱ्या बायका पापण्यांपर्यंत पिवळ्या झालेल्या असतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला हाकललं, तिसऱ्या बुधवारी चहा दिला. मी कुणाची कोण, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. इथं माझ्या कॅमेऱ्यासमोर बसणारा आधी विचारतो, अम्मीचे गुडघे कसे आहेत, मग विचारतो, तुझं लग्न कधी, आणि मग फोटोचा चेहरा करतो. मान जराशी डावीकडे, हनुवटी खाली, हात गुडघ्यांवर. हे त्याला अब्बांनी शिकवलंय, त्याच्या बापालाही त्यांनीच शिकवलंय. सगळं गाव एकाच पद्धतीनं बसतं गं. मी बटण दाबते आणि फोटो अब्बांचा निघतो. मला ते आवडत नाही, आणि हे घरात बोलायची सोय नाही.

चूक माझीच आहे. दिवाळीत तू पहिल्यांदा टेबलाचा विषय काढलास, तेव्हा मी घरी नुसतं सुचवून पाहिलं होतं, की सांगलीतच काम केलं तर? अब्बांनी शांतपणे विचारलं, "सांगलीत असं काय हाय, जे हितं न्हाई?" खरं सांगायला धीर झाला नाही. मी म्हणाले, "स्पीड." एका शब्दात सुटले, असं वाटलं. पण ज्या माणसाचा जन्म कॅमेऱ्यांची अडकलेली शटरं सोडवण्यात गेला, त्याला दुखणं सांगितलं की तो हातरुमाल पसरतो आणि एकेक स्क्रू काढून मांडायला बसतो.

कंपनीचा माणूस म्हणाला, दहा घरांनी जोडणी घेतली तरच एवढ्या लांब लाइन ओढू. शेजाऱ्याकडे विळा मागायचा तर अब्बा दहादा घुटमळतात. ते या कामासाठी अख्खं गाव फिरले. नऊ घरं झाली, दहावं मिळेना. शेवटी शालूबाईंनी सही केली. त्यांच्याकडे टीव्ही नाही, साधा बटणांचा फोन आहे. म्हणाल्या, "आमच्या मालकांचा एकच फोटू हाय घरात, त्यो चांदभाईंनी काढलेला. त्यांच्या लेकीसाठी येवढं करू नगं व्हय?" त्यांच्या घरातला डबा नुसता लुकलुकत असतो, त्यांनी त्यावर विणलेला रुमाल घातलाय.

आता रस्त्यात प्रत्येक जण थांबवतो. "झालं न्हवं मनासारखं? आता नगं ती सांगलीची दगदग." मी व्हय म्हणते. कुणी अडवलं असतं तर मी भांडले असते, तुला माझं तोंड माहीत आहे. इथं भांडायला कुणी नाही. सगळे माझ्यासाठी झिजलेत आणि माझा जीव कोंडतोय. काल बुधवार होता. सवयीनं पहाटेच आवरलं आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिले. गाडी आली, कंडक्टरनं माझी नेहमीची जागा धरलेली, तो थांबला. अब्बा आतून हात हलवत आले आणि हसून म्हणाले, "जावा तुमी, आता घरातच झालं काम." त्यानं घंटी मारली. मग मी दुकान झाडून काढलं.

फोनवर का लिहिलं नाही, तेही सांगते. दुकानाचा आणि माझा नंबर एकच. सगळे मेसेज मोठ्या कॉम्प्युटरवर उघडे असतात, आणि लाइन आल्यापासून अब्बा दिवसभर त्याच्यासमोरच. सकाळी आधी स्पीड तपासतात आणि बाकावरच्या लोकांना सांगतात, "आज शंभराच्या वर हाय." मग आलेला प्रत्येक मेसेज मोठ्यानं वाचतात, पूर्वी लोकांची पोस्टकार्डं वाचून दाखवायचे तसा, शेवटच्या इमोजीच्या फुलापर्यंत. दोनदा मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "बस, बघ कसं पळतंय." मला रडू आलं, ते त्यांना आनंदाचं वाटलं.

हे पत्र लिहायला बसले ते तुझ्याकडे एक खोटं मागायला. म्हणणार होते, मेसेज टाक, की प्रिंट काढणाऱ्या लॅबला नेटवरून फाइल चालत नाही, तहरीमनं बुधवारी स्वतः यावं. पण अब्बा तेही दुरुस्त करतील, आणखी दहा घरं फिरतील, आणि मला आणखी दहा जणांना व्हय म्हणावं लागेल. म्हणून खोटं नको, खरं पाठव. येत्या बुधवारी सकाळी अकराला, दुकानाच्याच नंबरवर. लिही, "तहरीम, खिडकीजवळचं टेबल तुझं आहे. एक तारखेपासून ये, राहायलाच ये. नेटसाठी नाही, तुझ्या फोटोंसाठी." आणि सोबत हळद निवडणाऱ्या म्हातारीचा फोटो जोड, ती हसताना मान मागं टाकते तो; तुझ्याकडेच ठेवलेल्या त्या जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डात सापडेल. मोठ्या साइजचा पाठव, आता इथं क्षणात उघडेल. अब्बा मेसेज मोठ्यानं वाचतील. माझ्या तोंडून जे निघत नाही, ते एकदा त्यांच्या तोंडून निघू दे. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी असेन. ते वळून माझ्याकडे बघतील आणि विचारतील, व्हय का गं? तेव्हा मी स्पीड म्हणणार नाही.

तुझीच,
तहरीम