बाई अजून आत आहेत

४ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. नवीन ॲडमिन पॅनेल पंधरवड्यात तयार. म्हणजे डोक्यात तयारच आहे, फक्त करायचं बाकी आहे.
आमचं ऑनलाइन साप्ताहिक वाचकांना दिसतं ते वेगळं. त्यामागे जिथे लेख लिहितात, तपासतात, चढवतात ते पान म्हणजे ॲडमिन पॅनेल. आणि ते पान म्हणजे मी. हे मालकांना एकदा नीट सांगायला हवं.
मालक म्हणाले, आधी जुनी खाती साफ करा, गेलेल्या माणसांनासुद्धा आपल्याकडे लॉगिन आहे. म्हटलं, उद्या दुपारपर्यंत.

५ मार्च, मंगळवार
साफसफाई सुरू केली. संपादिका बाईंच्या खात्याशी थांबलो. बाई हिवाळ्यात गेल्या. शोकसभेला मी पुढच्या रांगेत होतो.
त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका. शेजारी लिहिलंय, 'आत्ता आत आहेत.'
बग. उद्या सकाळी आल्या आल्या पहिल्यांदा हाच मारायचा.

७ मार्च, गुरुवार
बग मेला नाही. ठिपका दुपारच्या जेवणानंतर येतो, चहाच्या आधी जातो. बगला कधी वेळापत्रक असतं?
सर्व्हर बंद करून चालू केला. सगळी साइट झोपली. मालक बरंच बोलले, त्यातलं अर्धं मी ऐकलं नाही. साइट उठल्यावर सर्वांत आधी कोण आत आलं असेल? बाई. जिवंत असतानाही वेळेवर असायच्या.

८ मार्च, शुक्रवार
शांत डोक्याने विचार केला. बाई घरूनच काम करायच्या. लॅपटॉप घरी. घरी आता फक्त त्यांचे मिस्टर. जन्मभर सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. पण कॉम्प्युटरला हातही लावत नाहीत असं बाईच सांगायच्या. म्हणजे ती शक्यता निकालात निघाली.
घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांना फोन करून विचार की. म्हटलं, शोकातल्या माणसाला फोन करून 'तुमच्या मिसेस ऑनलाइन आहेत' असं सांगू? ती म्हणाली, घाबरलास तू. म्हटलं, इंजिनिअर घाबरत नाही, तो लॉग बघतो.
लॉग बघितला नाही. कोण कुठून आत आलं ते दाखवायची सोय नवीन पॅनेलमध्ये येणार आहे.

११ मार्च, सोमवार
बाईंचा शेवटचा लेख ड्राफ्टमध्ये सापडला. खिडक्या पुसण्यावर आहे. शेवटचं वाक्य, 'आतून पुसलं की वाटतं डाग बाहेरून आहे, आणि बाहेर जाऊन पुसायला लागलं की' – एवढंच. पुढे काही नाही.
उघडायला गेलो तर पाटी आली, 'हा लेख बाईंच्या ताब्यात आहे. ताबा घ्यायचा?' पाटीचा मजकूर माझाच. बाईंनी तेव्हा झापलं होतं की ताबा भूत घेतं, संपादक घेत नाही, शब्द बदला. बदलायचा राहिला.
'ताबा घ्या' दाबलं. मिळाला. खुर्चीत नीट टेकतोय तोवर नवी पाटी, 'बाईंनी ताबा परत घेतला आहे.'
उठून बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. ऑफिसात एसी फार आहे.

१२ मार्च, मंगळवार
भीती ही माहितीच्या अभावातून येते. म्हणून माहिती काढायची ठरवली. माझं एक खास बटण आहे, 'यांच्या नावाने आत जा'. बाईंच्या नावाने आत गेलो. आता एकाच ड्राफ्टमध्ये बाई आणि बाई. खिडक्यांच्या लेखाखाली एक ओळ सोडून लिहिलं, 'कोण आहे तिकडे?' घाईत ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं नाही.
पान ताजं केलं. खाली उत्तर होतं.
'मीच. तू कशी आहेस?'
खुर्ची मागे ढकलली. तरी निरीक्षण चालू ठेवलं. एक, बाई मला कायम 'अहो ॲडमिन' म्हणायच्या, आता एकदम 'तू'. मेल्यावर माणूस मोकळा होत असावा. दोन, 'कसा'ऐवजी 'कशी'. बाईंच्या हातून अशी चूक! माझी एक वेलांटी चुकली तर सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या. पलीकडे व्याकरणाची शिस्त सैल असावी.
लिहिलं, 'बरं आहे. इथे खूप काम असतं.'
उत्तर, 'तिकडेही काम?'
डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कामाची एवढी विचारपूस आजवर कोणी केली नव्हती.

१४ मार्च, गुरुवार
आज बाईंनी लिहिलं, 'तुझी खुर्ची हलवली नाही.' खाली बघितलं. मी बसलो होतो ती खुर्ची खरोखर जागेवर होती.
मग, 'कपाटाची किल्ली सापडत नाही. कुठे ठेवलीस?' ऑफिसातलं जुन्या अंकांचं कपाट बाईंचंच. त्या गेल्यापासून किल्ली माझ्याकडे असते. लिहिलं, 'वरच्या खणात. डावीकडे.'

१५ मार्च, शुक्रवार
'सापडली. तिथेच होती.'
खण उघडून पाहिला. किल्ली होती. म्हणजे नेलीही आणि आणून ठेवलीही, आणि मला पाऊलसुद्धा वाजलेलं ऐकू आलं नाही.
बायको म्हणाली, हे भूत जेवणानंतर येतं, चहाला जातं आणि किल्ल्या हरवतं. हे माणूस आहे, फोन कर. म्हटलं, सोमवारी करतो.

१८ मार्च, सोमवार
फोन राहिला, कारण आज मालकांना नवीन पॅनेलचा डेमो. 'जतन करा' दाबल्यावर लेख पुसला गेला. 'प्रसिद्ध करा' दाबल्यावर तो कचऱ्यात गेला. कचऱ्यातून काढायचं बटण दाबल्यावर मालकांचं स्वतःचं खातं बंद झालं. मालक म्हणाले, तुमचं एकतरी बटण जे लिहिलंय ते करतं का हो? प्रश्नाचा रोख मला आवडला नाही.
दुपारी बाईंशी बोललो तेव्हा बरं वाटलं. त्यांनी लिहिलं, 'आज भाजीत मीठ पडलंच नाही. तरी खाल्ली.' तिकडेही हाल आहेत. लिहिलं, 'वरून घ्यायचं.' उत्तर आलं, 'तू नेहमी असंच सांगतेस.' पुन्हा 'सांगतेस'! मी दुरुस्त केलं नाही. वयाचा मान असतो.

२० मार्च, बुधवार
आता भीती वाटत नाही. हे फक्त इथे लिहितो: जेवण झालं की कधी एकदा ठिपका हिरवा होतो असं होतं. आज उशीर झाला तर पान सारखं ताजं करत बसलो. जिवंत होत्या तेव्हा बाईंचा फोन आला की मी टॉयलेटमध्ये जायचो.
मालकांना सांगितलं, बाईंचं खातं एवढ्यात काढता येणार नाही, गुंतागुंतीचं आहे. ते म्हणाले, तुमचं काय गुंतागुंतीचं नसतं?

२१ मार्च, गुरुवार
मोठी जबाबदारी आली. बाईंनी लिहिलं, 'खिडकीचा लेख पुरा कर. मला शेवट वाचायचा आहे.'
वीस-पंचवीस संपादक, लेखक आहेत आमच्याकडे. शेवटचा लेख पुरा करायला कोणाला सांगितलं? मला. लिहिलं, 'सोमवारपर्यंत नक्की.' उत्तर, 'वाट बघणं चालूच आहे.'

२४ मार्च, रविवार
शेवट लिहायला बसलो. '...बाहेर जाऊन पुसायला लागलं की' याच्यापुढे 'हात दुखतात' एवढंच सुचलं. खोडलं. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, घरातली एक तरी खिडकी कधी पुसली आहेस का? विषय भरकटवायची तिला सवय आहे.

२५ मार्च, सोमवार
तब्येत ठीक नाही. ऑफिसला गेलो नाही. ताप नाही पण येईल असं वाटतंय.

२६ मार्च, मंगळवार
आला नाही. तरी खबरदारी म्हणून घरीच.

२७ मार्च, बुधवार
गेलो. ठिपका सकाळपासूनच हिरवा. जेवणाचीही वाट पाहिली नव्हती. ड्राफ्टमध्ये खाली खाली ओळी. 'आज सोमवार.' 'आलीस का?' 'काही चुकलं का माझं?' 'शेवट नसला तरी चालेल.'
वाईट वाटलं. मग सविस्तर कारण दिलं. कारणं मला चांगली जमतात. लिहिलं, 'माफ करा. दोन दिवस येऊ शकलो नाही. आजारी पडलो होतो.'
पान ताजं केलं. काही नाही. पुन्हा केलं. नाही. चहा येऊन गार झाला.
मग एक शब्द. 'कोण?'
लिहिलं, 'मीच.'
मग उत्तर आलं, 'आपण कोण?'
'तू'चं एकदम 'आपण' झालं. लिहिलं, 'मी ॲडमिन.'
ठिपका गेला.

२८ मार्च, गुरुवार
ऑफिसला फोन आला. बाईंचे मिस्टर. 'ॲडमिन' म्हणून मलाच मागितलं. आवाज अगदी हळू.
म्हणाले, लॅपटॉप ती गेल्यापासून तसाच उघडा होता, रोज दुपारी तिच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसायचो, लेख वाचायचो. एक दिवस खाली अक्षरं उमटली. तिच्याशिवाय त्या कागदावर कोण लिहिणार? त्यांना ते कागदच वाटतं.
मी म्हटलं, किल्ली? ते म्हणाले, तिच्या गोळ्यांच्या कपाटाची, खरंच वरच्या खणात होती हो, डावीकडेच. मग म्हणाले, वेलांट्या सगळ्या चुकायच्या, ते खटकायचं, पण मनाला समजावलं की तिकडे गेल्यावर कोण शुद्धलेखन बघतंय. 'आजारी पडलो' वाचलं तेव्हा मात्र काय समजावणार? ती 'पडले' म्हणाली असती.
मी माफी मागितली. कारण एकही सुचलं नाही.
ते म्हणाले, नाही नाही, तुमचा दोष नाही, तुम्ही बरे आहात ना आता? मी हो म्हटलं. मग म्हणाले, ते खातं बंद करून टाका, मला जमत नाही आणि उघडं असलं की नजर जाते. लेख तिच्या नावावर राहतील ना? म्हटलं, राहतील. फोन ठेवताना सवयीने की काय, काळजी घे म्हणाले.
घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती 'सांगितलं होतं' म्हणाली नाही. तिने म्हणायला हवं होतं.

२९ मार्च, शुक्रवार
दुपारपर्यंत टाळलं. जेवण झालं. ठिपका करडाच.
'खातं कायमचं काढा' हे बटणही माझंच. कधी तपासलेलं नव्हतं. मनात म्हटलं, आपलं बटण आहे, अडकेल, एरर देईल, सोमवारपर्यंत तरी चालणार नाही. मालकांना सांगता येईल, काम चालू आहे. बाईंच्या मिस्टरांनाही फोन करून सांगता येईल, थोडा वेळ लागेल.
दाबलं. पहिल्या फटक्यात चाललं.