गुडघ्याच्या रेषेत

प्रिय होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई,

तुझा निरोप वाचला. 'माझी चित्रं काढून टाक, सरांनी दिलेले फोटो लाव, सोमवारी वेबसाइटवर पान सुरू व्हायलाच हवं, आणि कृपा करून कुणाशी भांडू नकोस.' वाचल्यावर मी काय केलं असेल? खुर्ची मागे ढकलून उठलो. खालच्या सायकलवाल्यानं वर तोंड करून विचारलं, "काय रे, भूकंप झाला का?" मग गुपचूप बसलो. बघ, सुधारतोय. फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून पत्र लिहितोय. कागदावर ओरडायचं म्हणजे फार लिहावं लागतं, तोवर राग निवतो.

तर तुझे कॉलेजातले सर म्हणाले म्हणे, की तू काढलेली ही चित्रं बालवाडीच्या भिंतीवर शोभतील. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं घरी जाऊन ते पान उघडणार, त्यात बघून व्यायाम करणार, आणि त्यांना दाखवायचं काय, तर समुद्रकाठी चटईवर हसत बसलेली बाई! तिच्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? मी ते फोटो लावून पाहिले. पान देखणं दिसतं, खोटं कशाला बोलू. पण एकात पाय घोट्याशीच कापलाय, आणि दुसऱ्यात कुठला गुडघा वाकलाय ते मान वाकडी करूनही कळत नाही. शेजारी तुझं वाक्य मात्र सांगतंय, 'टाच उशीवर ठेवून गुडघा खाली दाबा.' टाच कुठाय? ती फोटोवाल्याच्या घरी राहिली.

तू पहिल्यांदा चित्रं घेऊन आमच्या ऑफिसात आलीस, तेव्हा मला वाटलं होतं, यात काय आहे? चित्र डावीकडे, मजकूर उजवीकडे, चहा पिऊन होईतो काम फत्ते. तसं करूनही दाखवलं. तू स्क्रीनपाशी वाकलीस आणि म्हणालीस, "हे वाक्य चित्राच्या डोक्याला का टांगलंयस? ते गुडघ्याबद्दल आहे ना, मग गुडघ्याच्या रेषेत आण." मी हसलो, जरा कुत्सितच. मग वाक्य खाली आणून पाहिलं. नजर गुडघ्यावर पडली की तिथून सरळ वाक्यावर जात होती, मध्ये कुठे ठेचकाळत नव्हती. मी कॉलेज अर्धवट टाकलं खरं, पण जेवढं केलं त्यात हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि ऑफिसातही कुणी बोललं नव्हतं. तुझ्या चित्रांत चेहरा नाही, कपडे नाहीत, कमरेखालचा एक जाड रेघेचा पाय आणि एक बाण. पाय जिकडे जायचा तिकडे तू जागा मोकळी सोडलेली असतेस. त्या मोकळ्या जागेपलीकडे मजकूर सुरू होतो. पाय वाक्याकडे बोट दाखवतोय असं वाटतं. (पायाला बोटं असतातच म्हणा.)

मग मला हौस सुटली. सगळी चित्रं एकाच बाजूला म्हणजे कंटाळवाणं, म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे अशी लावली. उजवीकडची चित्रं मजकुराकडे पाठ करून बसली, म्हणून ती आरशात दिसतात तशी उलटवली. काय ऐटीत दाखवलं होतं तुला! तू क्षणभर बघितलंस. "शहाण्या, हे डाव्या गुडघ्याचं पान आहे. तू निम्म्या व्यायामांत लोकांना उजवा पाय हलवायला लावलास." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसरं कुणी असतं तर महिनाभर टोमणे मारले असते. तू ओठ चावत विचार केलास आणि म्हणालीस, "थांब, पुसू नकोस. उजव्या गुडघ्याचं पान करायचंच आहे, तिथे हीच वापरू. माझे कष्ट वाचवलेस की!" माझ्या गाढवपणातून तू एक अख्खं पान काढलंस. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ही पोरगी तुझ्यासारख्याला कशी काय सहन करते?" आईचं निरीक्षण असं आहे, की तुझा विषय निघाला की मी ताटातलं न कुरकुरता संपवतो.

आणि मामा. तुझ्या मामांचा डावा गुडघा नवा, बस चालवून जुना झालेला काढून बसवलेला, म्हणून पान आधी त्यांना दाखवायचं ठरलं. त्यांनी चष्मा नको म्हणून ते घरच्या मोठ्या टीव्हीवर लावलं. माझ्या लॅपटॉपवर सगळं जिथल्या तिथे होतं. टीव्ही रुंद, त्यामुळे ओळी लांबल्या, मजकूर थोड्या ओळींत आटपला आणि खालच्या व्यायामाचं वाक्य वर सरकून आधीच्या चित्राला चिकटलं. मामा पलंगावर पाय अधांतरी धरून ओरडले, "अरे, चित्र म्हणतंय वाकव, अक्षर म्हणतंय ताठ कर! आधी तुमच्यात मिटवा, मग मला सांगा!" मी म्हणालो, टीव्हीच भंगार आहे. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मामांचा पाय अलगद खाली ठेवलास आणि म्हणालीस, "चित्र आणि त्याचं वाक्य एका खोक्यात घाल. खोकं कुठेही जाऊ दे, जाईल तर दोघं बरोबर." धंदा माझा, आणि त्यावरचा उपाय तू सांगितलास, तोही मामांची टाच उशीवर टेकवता टेकवता. मी तिथेच बसून तसं करून दिलं. मामांनी सगळे व्यायाम एकदाही न विचारता केले, आणि वर म्हणाले, "हा पाय माझाच काढलाय काय गं?"

आता एक गोष्ट. तुझ्या निरोपातली शेवटची ओळ मी वर मुद्दाम गाळली. 'तुला काय, माझं सगळंच आवडतं. तुझ्या मताला धरून काय करू?' असं लिहिलंयस तू. टोला बरोबर बसला. हो, आवडतं. सगळंच आवडतं, कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि हे मी इतके दिवस झाकून ठेवलं होतं. पण झाकून ठेवलं तर माझ्या प्रत्येक शब्दातून तू तेवढी वजावट करणार, आणि त्या भरात तुझी चांगली चित्रं जाणार. म्हणून ते उघड्यावर वेगळं काढून ठेवतोय. ते बाजूला सार आणि फक्त मामांचं ऐक. मामांचं काही तुझ्या चित्रांवर प्रेम नाही, त्यांना गुडघा वाकवायचाय. दोन्ही पानं तयार आहेत, चित्रांचं आणि फोटोंचं. सरांशी भांडणार नाही, परस्पर काही पाठवणारही नाही. रविवारपर्यंत एवढंच कळव, कुठलं पाठवू. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर मात्र पान सुरू होईपर्यंत देऊ नकोस, हो असलं तरी. नाहीतर तू चित्रं ठेवलीस ती माझं मन राखायला, असं मला जन्मभर वाटत राहील.

तुझाच, तूच हे नाव ठेवलेला,
भडकू