पोप्केचं वजन

२० जून
मिळाली एकदाची नोकरी! सील शुश्रूषा केंद्र समुद्राच्या बांधाला अगदी खेटून आहे. ओहोटीला खिडकीतून चिखलावर लोळणारे सील दिसतात. प्रमुख चालिंग म्हणाले, "निंके, पिल्लं चावतात, बोटं मोजून ठेव. संध्याकाळी दहाच भरली पाहिजेत हं!" माझ्या वाट्याला नऊ किलोचं, आईपासून तुटलेलं पिल्लू आलं. रडतं थेट तान्ह्या बाळासारखं. मादी आहे; मी तिला पोप्के म्हणते, म्हणजे बाहुली.

६ जुलै
पोप्के नळीनं माशाची पेज घेते. माझ्या बुटांचा आवाजही ओळखते. पण पोट भरलं की तोंड फिरवते बांधाकडे. तिथे चिखलात एक मादी रोज एकाच जागी पडलेली असते. आई असेल का, विचारलं. चालिंग हसले, "छे गं! सील-आया केव्हाच विसरून जातात."
मला नको इतकं बरं वाटलं.

१२ ऑगस्ट
चोवीस किलो! पंचवीस भरले की समुद्रात सोडायची. आज ती मादी हुंकारली आणि पोप्केनं माझ्या हातातला हेरिंग मासा चक्क टाकून दिला. पेज मी भरवायची, घाण मी काढायची, आणि ओढ तिची? अंगाचा तिळपापड झाला. दुपारचे मासे बादलीतच ठेवले. वहीत लिहिलं – खाल्ले.

१९ ऑगस्ट
एकवीस. दुपारचे मासे रोज बादलीतच. चालिंग बुचकळ्यात पडलेत. "खाते म्हणतेस, मग जातं कुठे?" मी वही पुढे केली. मादी आता बांधाच्या पायथ्याशी आली आहे. पोप्केकडे नाही, माझ्याकडे बघते.

२३ ऑगस्ट
एकोणीस. बांधाच्या माथ्यावर ओला, रुंद पट्टा. सील एवढं चढत नाहीत. पट्टा गवतातून थेट आमच्या दारापर्यंत – चालिंगना सांगावं, तर माशांचंही सांगावं लागेल –

२५ ऑगस्ट, भर दुपार
धुकं. सगळे बोटीवर गेलेत. मी पोप्केच्या खोलीत, आतून कडी. बादलीभर मासे तिच्यापुढे ओतले. उद्या सोडते, नक्की सोडते, असं मोठ्यानं म्हणाले. बाहेर ओली फरफट. थांबली –

दाराला धडका –

कडी तुटली. तीच. हुंकारली. पोप्के गेली नाही तिच्याकडे! माझ्या मांडीवर चढली, कुशीत तोंड खुपसलं. माझी! शेवटी माझीच!

त्या मादीनं ते पाहि –