वीतभर रावस

आंबेखाडी, जि. रत्नागिरी
२८ सप्टेंबर २०२४

चि. सुजय यास, अनेक आशीर्वाद.

फोन असताना ताईला पत्राचं काय सुचलं, म्हणून हसशील. पण आमच्या घरात बोललेलं सगळं ओटीवर ऐकू जातं आणि ओटीवर माझा धाकटा दीर, रघू, बसलेला असतो. लिहायचंय ते त्याच्याचविषयी.

गावसभेत ठरलेलं तुला ठाऊक आहे. खाडीच्या मुखाशी रावसाची पिल्लं वाढतात, म्हणून दिवाळी होईपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. आम्ही मासळी विकणाऱ्या बायकांनीच ते लावून धरलं. पिल्लंच उचलली तर पुढे आमच्या पाटीत काय येणार? तरी कुणीतरी चोरून बारीक आसाचं, पिल्लूही निसटणार नाही असं जाळं लावतंय. परवा त्यात गुरफटून पाणमांजराची मादी मेली. तिची पिल्लं कांदळवनात ओरडत होती, ऐकवत नव्हतं.

रघू उजाडताना होडी काढतो, चिंब होऊन येतो, मासळी मात्र एक नाही. विचारलं तर गप्प. हे तिकडे जहाजावर. मग भाऊ म्हणून तुलाच विचारते. तू हर्ण्याच्या मासळीच्या लिलावात रोज असतोस. वीतभर रावस कोण आणतं, एवढं बघून कळव.

तुझ्या राहीला आशीर्वाद. पोट कमी केलंस का?

माया आहे तशीच ठेव.
मालनताई


हर्णे
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस, शि. सा. न.

पोट आहे तेवढंच आहे. राही त्याचा दोष तुझ्या खोबऱ्याच्या वड्यांना देते.

इथे वीतभर रावस येत नाही. आला असता तर मला दिसला असता. रघूचं म्हणशील तर मला तो पहिल्यापासून खटकतो. कमी बोलणाऱ्याच्या मनातलं कळत नाही. पण सभेत नाव घेऊ नकोस, दाजी येईपर्यंत थांब. घरातलं घरात राहू दे. आणि सकाळी एकटी बंदरावर जाऊ नकोस, चिखल फार असतो. एका पाणमांजरासाठी किती जीव जाळशील?

धाकट्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
सुजय


आंबेखाडी
२० ऑक्टोबर २०२४

सुजय, आशीर्वाद.

तुझं ऐकून मी रघूशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं आणि वळायचं. एकदा तर पाणमांजर तूच मारलंस, असं तोंडावर म्हटलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला.

काल मी चिखल तुडवत बंदरावर गेलेच. आमच्याच गावचा संदेश टेम्पोत खोकी चढवत होता. एक उघडं होतं. आत बर्फावर वीतभर रावस. टेम्पोशी विठू होता. गेल्या भाऊबीजेला तुझी गाडी चालवत आला, माझ्या हातचे घावन खाऊन गेला, तोच. मला बघून त्याने ताडपत्री ओढली आणि फोन लावायला बाजूला गेला. कुणाला, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन रघूला विचारलं. तेव्हा तो बोलता झाला. हॉटेलवाल्यांना अख्खा ताटात मावेल असा रावस हवा असतो. जाळी तू देतोस, लावतो संदेश. रघू हाताला लागतील ती जाळी उपसून जिवंत पिल्लं पाण्यात सोडत होता. मला का सांगितलं नाहीस, म्हटलं, तर म्हणाला, "वहिनी, ते तुमचं माहेर आहे."

आज सभा झाली. संदेशचं नाव रघूने घेतलं. तुझं मी घेतलं. माझ्याबरोबर पाटी घेऊन बसणाऱ्या बायका खाली बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उपसलेली जाळी देवळात ठेवली आहेत. भाऊबीजेला यायचं तर आधी तिथे सभेपुढे उभा राहा, मग घरी ये.

मालन


हर्णे
२५ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस, शि. सा. न.

भाऊबीजेला येतो, आधी देवळात. एसटीने येईन. टेम्पो आता तिकडे येणार नाही. हे पत्र विठूच्या हाती देतोय, तो मोटरसायकलवर येईल. त्याला बोलू नकोस, मी सांगितलं तेवढंच त्याने केलं.

संदेशकडे आणखी जाळी आहेत, गोठ्यात, पेंढ्याखाली. तो ती दुसऱ्या कुणाला देईल. मी येईपर्यंत थांबू नका. रघूला घेऊन आजच काढा.

ओवाळशील का, ते विचारत नाही.

सुजय