कमरपट्टीत शिवलेले पैसे

४ एप्रिल
तिकिटं आली! थोरलीने पाठवली — आम्हा दोघांची, आठ दिवसांची सहल, तीही परदेशात. लग्नाला एकतीस वर्षं झाली म्हणून. हॉटेल, फिरणं, दोन वेळचं जेवण, सगळं तिनेच भरलंय. "वरखर्चाचं तेवढं तुम्ही बघा, बाबा." बघतो की! इतकी वर्षं शिंप्याचं दुकान चालवलं, आठ दिवसांचे पैसे सोबत नेणं काय मोठंसं!

५ एप्रिल
मोठंच निघालं. ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो.

९ एप्रिल
बँकेत जाऊन आलो. काउंटरवरच्या बाई समजावून सांगत होत्या, पण निम्मं डोक्यावरून गेलं. रोख नेली आणि हरवली, की गेली. इथलंच कार्ड तिथे वापरलं, तर दर खेपेला वर काहीतरी कापणार. तिसरा मार्ग — आधीच पैसे भरून ठेवलेलं कार्ड, तिथल्या चलनात. हरवलं तर फोन करून बंद करायचं. "दोघांची दोन वेगळी घ्या," म्हणाल्या. मी हसलो. एका घरात दोन कशाला?

आपल्याला रोखच बरी. नोट हाताला लागते तरी.

१० एप्रिल
बँकेतली गंमत घरी सांगितली. ही शर्टाची काजं करत बसली होती — दुकानाची काजं-बटणं, हातशिलाई सगळी हिच्याकडेच असते. मान वर न करता म्हणाली, "घ्या की मला एक कार्ड."

"कशाला?"

"तिथे मला मागायचं नाहीये. आठच दिवस."

मी म्हटलं, तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं कधी झालंय का? "नाही झालं," म्हणाली आणि पुढचं काज घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

११ एप्रिल
दिवसभर तेच डोक्यात. एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या! गिऱ्हाइकाला काय सांगू आता?

मी कधी नाही म्हटलं नाही, हे खरंच आहे. पण दर वेळी विचारलं मात्र. कशाला, किती, परवाचे संपले का? रागाने नव्हे हो! सवयच ती. आणि हिने दर वेळी सांगितलं. भावाच्या मुलीला फ्रॉक घ्यायचाय. चपलेचा अंगठा तुटलाय. एकदा मात्र सांगेना. नुसती दुकानाच्या दारात उभी राहिली, मग म्हणाली, "राहू द्या." त्यालाही वीस वर्षं झाली असतील. ते कशासाठी हवे होते, मला अजून माहीत नाही.

१४ एप्रिल
हिच्या नावाचं कार्ड घेतलं. निम्मा वरखर्च त्यात भरला. गुप्त नंबराचं पाकीट मी फोडायला गेलो, तर बँकेतल्या बाईंनी हात आडवा घातला — "ते त्यांचं आहे." हिने पाठ फिरवून फोडलं. मला दाखवलं नाही!

माझा निम्मा वाटा रोखच. शिंपी आहे मी, शिवून नेईन.

२० एप्रिल
पँटच्या कमरपट्टीत आतून चोरखिसा केला. नोटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत, वरून जाड दोऱ्याची दुहेरी टीप. हत्तीने ओढली तरी उसवायची नाही! सुरुवातीपुरते पाकिटात ठेवले. थोरलीने फोनवर विचारलं, "पण बाबा, काढणार कसे?" म्हटलं, छोटी कात्री आहे हातातल्या पिशवीत. शिंप्याला शिकवतेस होय!

२६ एप्रिल
विमानतळावर कात्री काढून घेतली. हिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

२८ एप्रिल
आज लाँचमधून बेटावर गेलो, अख्खा दिवस. पाकीट सकाळीच रिकामं झालं — उन्हाच्या एका टोपीत! कमरेला गच्च पैसे, पण बोट शिरायला जागा नाही. भिंतीआड जाऊन किल्लीने उसवून पाहिलं, नखांनी पाहिलं. दात तिथवर पोचत नाहीत. माझीच टीप माझ्या जिवावर उठली.

आणि नेमकं तेव्हाच स्वच्छतागृह गाठायची वेळ आली. दारातली बाई नाणं घेतल्याशिवाय आत सोडेना. ही पलीकडे छत्र्यांच्या दुकानात. गेलो. "जरा सुटे दे."

"कशाला?"

दहा-पंधरा माणसांत! आमच्याबरोबरचे निवृत्त मास्तर तर कान देऊनच उभे. तोंडातल्या तोंडात सांगितलं. तिला आधी कळेना, कळलं तेव्हा हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. नाणं माझ्या हातावर ठेवलं. मुद्दाम विचारलं नव्हतं तिने, सहज आलं तोंडून. पण मला हसू आलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

नंतर चहासाठी मागितले. तिने लगेच दिले, काही विचारलं नाही, तरी मीच दोन वाक्यं कारण सांगितलं. परतताना लाँचवर घसा कोरडा पडला होता. "काही हवंय का?" म्हणाली. नको म्हटलं.

२९ एप्रिल
हॉटेलच्या काउंटरवर कात्री मिळाली. उसवलं. सगळ्या नोटा हिच्यापुढे ठेवल्या, म्हटलं, तूच ठेव. "तुमचे तुमच्याकडे असू द्यात," म्हणाली.

संध्याकाळी एकटीच बाजारात जाऊन आली. हातात पिशवी. काय आणलंस, म्हणून तोंड उघडलं होतं. मिटलं.

५ मे
घरी पोचलो. दुकानात कपड्यांचा ढीग. दोघंही कामाला लागलो.

११ मे
हिला स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं होतं. सोबत गेलो. फॉर्म नेहमीप्रमाणे मीच भरत होतो. 'व्यवसाय'पाशी आलो आणि 'गृहिणी' लिहिलं. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं — शिंपीकाम.